कीर्तिदालनाची किल्ली कोणाकडे?

नागपूरने क्रिकेटला दिलेला सर्वांत मोठा पुरुष कोण, असा प्रश्न या शहरातील कोणत्याही जुन्या क्रिकेटप्रेमी गृहस्थास विचारला, तर कर्नल सी. के. नायडू हे नाव क्षणाचाही विलंब न लागता पुढे येईल. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेल्या या खेळाडूने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले. त्या दौऱ्याचे कर्णधारपद मुळात पोरबंदरच्या महाराजांकडे होते. परंतु आपल्या खेळाची मर्यादा ओळखून ते स्वतःच बाजूला झाले, आणि जन्मसिद्ध मोठेपणाची जागा कर्तृत्वसिद्ध मोठेपणाने घेतली. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध हिंदू संघातर्फे नायडूंनी काढलेल्या १५३ धावा आणि त्यातील अकरा षटकार यांची कथा तर कित्येक घरांतून आजोबांनी नातवंडांना सांगितली आहे. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो.

असे असूनही आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली उघडलेल्या कीर्तिदालनात २०२५ पर्यंत ज्या भारतीयांना प्रवेश मिळाला, त्यांच्यात नायडूंचे नाव नाही. ज्याच्या नावाने इतरांचा गौरव होतो, तो स्वतः मात्र गौरवाच्या दाराबाहेर उभा! ही विसंगती केवळ नागपूरकरांच्या अभिमानाला लागलेली ठेच म्हणून सोडून द्यावी, असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मुळाशी एक व्यापक प्रश्न आहे. समाजाने कोणाची स्मृती जपावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, आणि त्यासाठी माप कोणते?

क्रिकेट परिषदेचे माप आकड्यांचे आहे. फलंदाज असेल तर कसोटी वा एकदिवसीय सामन्यांत आठ हजार धावा व वीस शतके, किंवा पन्नासाहून अधिक सरासरी. गोलंदाज असेल तर दोनशे बळी, अशा स्वरूपाचे निकष तिने आखले आहेत. शिवाय निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटलेली असली पाहिजेत. आता नायडूंचे आकडे पाहा : सात कसोटी सामने, ३५० धावा, सरासरी २५, बळी नऊ. कागदावर हे आकडे अगदीच किरकोळ दिसतात. पण भारताला पहिली कसोटी खेळायला मिळाली, त्या वेळी नायडूंनी वयाची छत्तीस वर्षे पूर्ण केली होती. १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण सातच कसोटी सामने खेळला, आणि त्या सातही सामन्यांत ते होते. जे सामने झालेच नाहीत, त्यांतल्या धावा त्यांनी कोठून आणाव्यात? प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये २०७ सामने, ११,८२५ धावा व ४११ बळी ही त्यांची खरी कमाई. पण तिची मोजदाद त्या निकषांत होत नाही.

याचा अर्थ कीर्तिदालनाच्या चालकांना आकड्यांपलीकडचे काही दिसतच नाही, असा नव्हे. २०२१ साली त्यांनी पाच कालखंड पाडून प्रत्येकातून दोन, अशा दहा जुन्या खेळाडूंना एकदम प्रवेश दिला. त्यांत आपले विनू मंकड होते. दोन महायुद्धांमधल्या, म्हणजे नायडूंच्याच कालखंडातून वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन आणि ऑस्ट्रेलियाचे स्टॅन मॅकेब यांची निवड झाली. कॉन्स्टंटाइन यांची अठरा कसोटींतील फलंदाजीची सरासरी वीसदेखील नाही. परंतु एका उपेक्षित समाजाला त्यांनी मैदानावर ताठ उभे राहण्यास शिकविले, हे त्यांचे श्रेय कोणीही नाकारणार नाही. त्यांची निवड योग्यच होती. आमचे म्हणणे एवढेच की, जो न्याय कॉन्स्टंटाइनना लागला, तोच नायडूंना लागायला नको काय?

नियम चुकला की अन्याय होतो आणि तो करण्यासाठी कोणीही दुष्ट असावे लागत नाही, हे आपल्या देशातील पुरस्कारांच्या इतिहासावरून दिसून येते. अर्जुन पुरस्काराची स्थापना १९६१ सालची. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते, ही मराठी माणसाला आनंदाची गोष्ट. पण १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव? त्यांचे पदक पुरस्काराच्या जन्माआधीचे. पुरस्कार मोजणार नजीकच्या काळातील कामगिरी. साहजिकच खाशाबा त्या फटीत सापडले. पुरस्कार सुरू झाल्यानंतर ते तेवीस वर्षे हयात होते. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मिल्खा सिंगांनी २००१ मध्ये तोच पुरस्कार नाकारला. चाळीस वर्षे उशिराने आलेला सन्मान त्यांना सन्मान वाटला नाही. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडले, आणि अर्जुन जीवनगौरव त्यांच्या हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

दुसरे दुखणे अर्जाचे. आपल्याकडे सन्मान मागावा लागतो. विहित नमुन्यात, विहित मुदतीत, साक्षांकित प्रतींसह! पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकाच स्पर्धेत दोन पदके मिळविणाऱ्या मनू भाकर यांचे नाव खेलरत्नाच्या शिफारशींत नसल्याची वार्ता डिसेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा सारी चर्चा त्यांनी अर्ज केला होता की नव्हता, याच मुद्द्याभोवती फिरत राहिली. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी अंतिम यादीत त्यांचे नाव आले, हे खरे. पण ज्या कामगिरीची वार्ता शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, ती निवड समितीला कळण्यासाठी अर्जाची काय गरज होती? आपण शिष्यांना अर्जुनाच्या नावाने आणि गुरूंना द्रोणाचार्यांच्या नावाने गौरवितो. एकलव्याने अर्ज केला असता, तर ‘प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असा शेरा मारून तो निकाली काढला गेला असता, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त व्यायामशिक्षक आहेत. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी त्यांनी तीस वर्षे मुलामुलींना खो-खो आणि आट्यापाट्या शिकविल्या. एकदा कोणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी एका सन्मानासाठी कागदपत्रे सादर केली : वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे, हस्तलिखित गुणपत्रके, विद्यार्थ्यांची पत्रे. ‘अधिकृत प्रमाणपत्रांअभावी विचार करता येत नाही’ असे उत्तर आले. ज्या काळात तालुक्याच्या स्पर्धेत विजयी संघाला नारळ आणि टाळ्या यांखेरीज काही मिळत नसे, त्या काळाची प्रमाणपत्रे आणावयाची कोठून? गुरुजींनी ती पिशवी माळ्यावर टाकली. ते गेल्यावर ती रद्दीत जाईल, आणि तिच्याबरोबर एका तालुक्याचा क्रीडा-इतिहासही.

या ठिकाणी प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आकडे आणि प्रमाणपत्रे यांचा आग्रह सोडला, तर वशिलेबाजीला रान मोकळे होईल, असे ते म्हणतील. हा आक्षेप पोकळ नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यांच्या मोहापायी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आहेत, हे आपण सारे जाणतो. नोकरी, गुण, रोख रक्कम यांचा जेथे संबंध येतो, तेथे पुरावा कडकच हवा. परंतु नोकरीची पात्रता ठरविणे ही एक गोष्ट आणि स्मृतीत स्थान देणे ही दुसरी. आकडा हा साक्षीदार आहे; त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसविले की खाशाबांसारखी माणसे बाहेर राहतात. उलटपक्षी, कागदोपत्री तपासणी झाली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. २०१४ साली मुष्टियोद्धा मनोज कुमार यांचे नाव निवड समितीने वगळले ते भलत्याच व्यक्तीचे उत्तेजक-सेवनाचे प्रकरण त्यांच्या नावावर समजून! त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कोठे पुरस्कार मिळाला.

मग मार्ग कोणता? परदेशातील एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. अमेरिकेत कूपर्सटाउन येथे बेसबॉलचे कीर्तिदालन आहे. त्याची पहिली निवड १९३६ सालची, आणि त्या वर्षी निवडले गेले अवघे पाच. तेथे कोणी अर्ज करीत नाही. दहा वर्षे खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला खेळाडू मतपत्रिकेवर येतो. किमान दहा वर्षे संघटनेचे सभासद असलेले क्रीडा-पत्रकार मत देतात. पंचाहत्तर टक्के मते पडली तरच दार उघडते. या काटेकोर पद्धतीतूनही मोठा अन्याय घडलाच. कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य स्पर्धांत दीर्घकाळ मज्जावच होता, त्यामुळे त्यांच्या नावावर मुख्य स्पर्धांतले आकडेच नव्हते. नायडूंचे दुखणे आणि हे दुखणे एकाच जातीचे. १९६६ साली टेड विल्यम्स या श्रेष्ठ खेळाडूने स्वतःच्या सत्काराच्या भाषणातच त्या वगळलेल्यांची बाजू मांडली. १९७१ मध्ये सॅचेल पेज यांना प्रवेश मिळाला. २००६ मध्ये खास समिती नेमून जुन्या नोंदी धुंडाळण्यात आल्या आणि एकदम सतरा जणांचा समावेश झाला. चूक न करणारी संस्था जगात नाही. झालेली चूक कबूल करून ती दुरुस्त करण्याचे दार जी उघडे ठेवते, तीच प्रतिष्ठा पावते.

त्याच देशात चाळीस फुटांवरील खुंट्यावर घोड्याचे नाल फेकण्याचा एक साधा ग्रामीण खेळ आहे. आपल्या विटीदांडूसारखा, परसात आणि जत्रेत खेळला जाणारा. त्या खेळाचेही स्वतंत्र कीर्तिदालन आहे, आणि त्यात नेमबाज खेळाडूंबरोबर खेळ वाढविणाऱ्या संघटकांनाही स्थान दिले जाते. नाल फेकणाऱ्यांची स्मृती एक समाज जपू शकतो, तर आट्यापाट्यांच्या पाटीवर उभे आयुष्य घालविणाऱ्यांची स्मृती आपण का जपू नये? मल्लखांबाला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०२१ सालचा, हिमानी परब यांच्या रूपाने. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने मात्र १९३६ मध्येच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. बर्लिनला जे कळले, ते दिल्लीला कळायला पंचाऐंशी वर्षे लागली.

नागपुरात विदर्भाचे एक क्रीडा-कीर्तिदालन असावे, असे आम्हांस मनापासून वाटते. ज्या शहराने जुन्या काळी नायडू दिले आणि अलीकडे २०२३ चा जगज्जेता तिरंदाज ओजस देवतळे व २०२५ ची महिला बुद्धिबळ विश्वचषक विजेती दिव्या देशमुख दिली, त्याला ते शोभून दिसेल. मात्र इमारतीची कोनशिला बसविण्यापूर्वी नियमांची कोनशिला बसली पाहिजे. कोणाकडूनही अर्ज मागवू नयेत. शोध घेणे हे समितीचे काम. समितीच्या सभासदांची नावे व मुदत आधी जाहीर व्हावी, आणि स्वतःच्या शिष्याचे वा आप्ताचे नाव आले की सभासदाने बैठकीतून उठून जावे. प्रत्येक निवडीची कारणे लेखी प्रसिद्ध व्हावीत. खेळाडू आणि शिक्षक-संघटक यांचे विचार स्वतंत्रपणे व्हावेत. संख्या थोडी असावी. सन्मानाची पंगत झाली की त्याचे पक्वान्न राहत नाही. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांची घोषणा २०२३ मध्ये तीन वर्षांची एकत्र करावी लागली, तशी पाळी येऊ नये म्हणून दिवस ठरलेला असावा. आणि दर दहा वर्षांनी ‘आपण कोणाला विसरलो?’ या एकाच प्रश्नासाठी एक बैठक व्हावी.

हे सर्व होईल तेव्हा होवो. तोवर एक काम आपल्या हाती आहे. शिक्षकांनी शाळेच्या कपाटातील जुनी क्रीडा-नोंदपुस्तके उघडावीत. कार्यालयांतील मंडळींनी जुने दप्तर रद्दीत काढण्यापूर्वी एकदा चाळून पाहावे. विद्यार्थ्यांनी आपल्या मोहल्ल्यातील वृद्ध खेळाडूकडे जाऊन तो काय सांगतो, ते तारखेनिशी लिहून घ्यावे. कीर्तिदालनाची किल्ली समितीच्या हाती असेल. पण आत ठेवावयाचे धन आज माळ्यांवरच्या पिशव्यांत पडून आहे. त्या पिशव्या वेळीच खाली उतरविल्या नाहीत, तर उद्या दालन उभे राहील आणि त्यात ठेवायला आपल्याकडे काही उरणार नाही.