शिदोरी, काला आणि गाडीतला फ्रिज

प्रवासात सोबत न्यायच्या अन्नाला मराठीत स्वतंत्र नाव आहे. ते म्हणजे शिदोरी. या शब्दाला आपल्याकडे रूपकाचीही प्रतिष्ठा मिळाली आहे. आठवणींच्या किंवा संस्कारांच्या शिदोरीवाचून निरोपसमारंभाचे भाषण पुरे होत नाही. तेव्हा तंबू ठोकायला निघालेल्या गाडीत शिदोरीची जागा छोटा फ्रिज घेऊ लागला असेल, तर त्याची दखल भाषेच्या अभ्यासकांनीही घ्यायला हरकत नसावी. (पारिभाषिक ‘शीतकपाट’ पाठ्यपुस्तकाबाहेर कधी पडलेच नाही. म्हणून येथे ‘फ्रिज’ हाच शब्द वापरत आहोत.)

आमच्या विभागाच्या निवासी सहलीसाठी असा फ्रिज घ्यावा का, असा प्रश्न निघाला आणि प्राध्यापक-कक्षात दोन तट पडले. एका पक्षाच्या मते निसर्गात जाऊन फ्रिज उघडणे ही रसिकतेची विटंबना आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते सोय ही सोय. तिच्यात तत्त्वज्ञान आणू नये. आम्हांला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

पहिली भूमिका भावुक आहे. दशमी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट ही टिकाऊपणाचा विचार करून घडलेली पाकसंस्कृती आहे, यात शंका नाही. परंतु तिचे गुणगान करताना दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरल्या जातात. पहाटे चारला उठून त्या दशम्या भाजत कोण होते, ही पहिली. दुसरी अधिक अवघड आहे. दशमी दुधात भिजवतात ती केवळ मऊ राहावी म्हणून नव्हे, तर पाण्याचा स्पर्श नसल्याने प्रवासात ती सोवळ्यालाही चालत असे, म्हणूनही. म्हणजे शिदोरीच्या गाठोड्यात विटाळाची कल्पनाही बांधलेली होती.

संतसाहित्यातील काल्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. रानात सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात आणि कोणाचे काय होते हे ओळखू येत नाही. आपल्या परंपरेतील वनभोजनाचे हे सर्वांत धीट चित्र होय. पण इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात वारीचे जे दर्शन घडवले, त्यात एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, आणि ते पाहून लेखिका अस्वस्थ होते. काल्याचे अभंग गात चाललेल्यांच्या शिदोऱ्याही वेगळ्याच राहिल्या होत्या. तेव्हा शिदोरी आपोआप माणसे जोडते आणि फ्रिज आपोआप तोडतो, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

दुसऱ्या भूमिकेतला दोष असा की, ती ‘सोय’ कोणाची हे विचारतच नाही. आमच्या मते फ्रिज घेण्याचे सर्वांत सबळ कारण थंड पेय किंवा मॅरिनेट केलेले पनीर हे नव्हे. ते कारण म्हणजे इन्शुलिन घेणारा विद्यार्थी. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. वापरात असलेली कुपी सामान्यतः सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. मात्र ही मर्यादा २५ ते ३० अंशांची आहे, मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारची नव्हे. असे विद्यार्थी सहलीचा विषय निघाला की घरचे कार्य काढतात आणि आपण ते खरे मानतो. तान्हे मूल असलेल्या सहकारी प्राध्यापिकेचेही तेच. कोण येऊ शकत नाही, याची नोंद प्रवासवर्णनांत सहसा सापडत नाही.

हे कारण मान्य केले की निवडीचे निकष बदलतात. किती लिटर, हा प्रश्न मागे पडतो आणि कोणत्या तत्त्वावर चालतो, हा पुढे येतो. बाजारात ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. पहिली थर्मोइलेक्ट्रिक. पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये नोंदवलेल्या परिणामावर ती चालते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाते. महाबळेश्वरच्या डिसेंबरात तिचे चालून जाईल. बाहेर ४० अंश असताना आत २० ते २५ अंश राहतील आणि त्यात दूध नासेल. दुसरी कॉम्प्रेसरची, म्हणजे घरच्या फ्रिजचीच लहान बहीण. ती महाग आणि जड असते. परंतु बाहेर कितीही ऊन असले तरी ४-५ अंश राखू शकते. औषधासाठी घ्यायचा तर हाच. अन्यथा घेऊच नये.

विजेचा हिशेबही साध्या अंकगणिताचा आहे. गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली, तर सकाळी गाडी सुरू व्हायला हवी म्हणून तिच्यातले निम्म्याहून अधिक वापरू नये. म्हणजे हाती ३० उरतात. थर्मोइलेक्ट्रिक पेटी अखंड ४ ते ५ अँपिअर खाते. सहा-सात तासांत हा साठा संपतो. कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, त्यामुळे सरासरी दीड-दोन अँपिअरमध्ये रात्र निघते. तरीही बॅटरीचा दाब घसरल्यावर आपोआप बंद होण्याची सोय त्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. अनेक गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटही बंद होतो, हे निघण्यापूर्वीच तपासावे. एरवी फ्रिज रात्रभर मुकाट बसतो आणि सकाळी आपल्याला कळते.

वापराचे नियम मोजके आहेत. फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून निघावे. गरम भांडे आत ठेवू नये. मागची-बाजूची जाळी सामानाने झाकू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो सोडू नये. रिकामी जागा पाण्याच्या गार बाटल्यांनी भरावी. इन्शुलिन तळाशी, थंड पत्र्याला चिकटून ठेवू नये, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते. आत एक साधा तापमापक असावा. पेटीवरच्या आकड्यापेक्षा तोच अधिक विश्वासाचा.

आणि ज्यांना केवळ एका रात्रीसाठी पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठी जायचे आहे, औषधाची निकड नाही, त्यांनी जाड भिंतींची बर्फाची पेटी घ्यावी. १० किलो बर्फ वितळताना सुमारे ०.९३ युनिट विजेइतकी उष्णता शोषतो. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो बिघडत नाही. एक-एक लिटरच्या बाटल्यांतच पाणी गोठवून नेले तर परतीच्या वाटेवर ते पिताही येते.

उरतो प्रश्न काल्याचा. तुडुंब भरलेला फ्रिज घेऊन आलेला प्रवासी पायथ्याच्या गावात काहीच मागत नाही. ना ताक, ना भाकरी, ना पिठले. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गयात्रींच्या लेखनात गडाइतकीच गडाखालची माणसे जिवंत होतात, याचे एक कारण त्या माणसांच्या दारात थांबावे लागणे हेही असणार. विद्यार्थ्यांना बोलीभाषा, ओव्या, म्हणी ऐकायला नेतो म्हणायचे आणि जेवण पुण्याहून गोठवून न्यायचे, हा खरा विरोधाभास आहे. त्याचा दोष यंत्राकडे जात नाही. ते कशाने भरायचे हे आपण ठरवतो.

म्हणून विभागाने फ्रिज घ्यावा, असे आमचे मत आहे. कॉम्प्रेसरचा, लहानात लहान, १० ते १५ लिटरचा. त्यात औषधे राहतील, बाळाचे दूध राहील, उरल्या जागेत पाणी. सहलीच्या सूचनापत्रात त्याचा उल्लेख ठळक असावा, म्हणजे कोणाला घरचे कार्य काढावे लागणार नाही. जेवण मात्र गावात, तिथल्या बाईंना रास्त मोल देऊन, सर्वांनी एका पंगतीत बसून घ्यावे.