दुखणे मराठीत, दाखला कन्नडात

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की शाळा, जमिनीचे उतारे आणि दुकानांवरच्या पाट्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्यावर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. परंतु हाच प्रश्न सरकारी दवाखान्यातील तपासणीच्या टेबलापाशीही उभा असतो, आणि तिथे तो आपल्या घोषणांत बसत नाही म्हणून आपल्या ध्यानातही येत नाही.

निपाणीकडे दिवसभर एका बैठकीत बिड्या वळणाऱ्या बायका, वडगाव-शहापूरचे मागावरचे विणकर, उद्यमबागेतील फौंड्रीत ओतकाम करणारे, हंगामात ऊस तोडणारे आणि, सांगायला हरकत नाही, तीस-तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले आम्ही शिक्षक. यांतल्या कितीतरी जणांची पाठ, मान किंवा गुडघा कायमचा दुखतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा वारंवार उलटणारे दुखणे ते जुनाट, असे वैद्यकशास्त्र मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तर अशा दुखण्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आपल्याकडे मात्र हाताला प्लास्टर नाही, पायाला काठी नाही, आणि माणूस कामाला जातो आहे, म्हणजे त्याला काही झालेले नाही असा हिशेब केला जातो.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्याने ते एकवीस केले. त्या एकवीसांत ‘जुनाट वेदना’ हा प्रकार नाही, ही गोष्ट आधीच मनाशी बांधलेली बरी. पण स्नायू, हाडे, सांधे किंवा मज्जासंस्था बिघडल्यामुळे हालचालीवर मर्यादा आली असेल तर ते चलनविषयक अपंगत्व ठरू शकते. डॉक्टर मोजतात ते सांधा किती वळतो आणि स्नायूत जोर किती उरला आहे. नुसते ‘दुखते’ म्हणून टक्के मिळत नाहीत. दुखण्यामुळे काय करता येत नाही, ते सांगावे लागते. चाळीस टक्के वा अधिक भरले तरच नोकरीतील चार टक्के आरक्षण व इतर बहुतेक सवलती मिळतात.

आता कामाचा मुद्दा. ‘दाखला काढला तर कामावरून काढतील’ आणि ‘कामावर जातो, तर दाखला कसा मागू’ या दोन्ही भीती गावोगाव ऐकू येतात. दाखला शरीराच्या स्थितीचा असतो. तुम्ही कमावता की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. उत्पन्न बघितले जाते ते मासिक पेन्शन देताना. ती गरिबांसाठीची योजना आहे आणि केंद्राच्या पेन्शनला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंब व ऐंशी टक्के अपंगत्व लागते. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजनेकडे आपल्यापैकी काहीजण आशेने बघतात, पण तिला महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचा रहिवास हवा. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. ती रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, पेन्शनसाठी नव्हे. दोहोंची गल्लत करून खेपा घालू नयेत.

सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला कमी करता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. २०१६ च्या कायद्यातील हे कलम जुन्या कायद्यातही होते, आणि २००३ साली कुणाल सिंह या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. खासगी कारखान्यात हे कवच नाही. तिथे कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, उपयोगी पडतो. आजारपणाची भरपाई वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या सत्तर टक्के दराने मिळते, पण ज्या दिवशी काम केले त्या दिवशी नाही. याउलट कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व आले तर मिळणारी भरपाई पुन्हा कामावर गेल्यावरही चालू राहते. ही गोष्ट फौंड्रीतील कितीजणांना ठाऊक आहे? वर्षानुवर्षांच्या झिजेने आलेली पाठदुखी मात्र अपघातात बसवणे अवघड. आणि ऊसतोड्या शेतमजुराला तर या विम्याची सावलीही नाही.

संशयाचे वातावरणही वाढले आहे. २०२४ साली प्रशासकीय सेवेतील एका प्रशिक्षणार्थीच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला. खोटेपणाने सवलत घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्याचा जाच खऱ्याला होतो. ज्याचे दुखणे दिसत नाही, त्याच्याकडे शब्दांखेरीज पुरावा तो कोणता?

इथेच भाषा येते. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली केली तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत मांडली आहेत, कारण कोणत्या प्रकारचे दुखते यावरून रोगाची दिशा कळते. आपली मराठी याबाबतीत गरीब नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, सणक जाते, मुंग्या येतात, आग होते, ठसठसते. मणक्याची शीर दबलेला माणूस ‘मांडीतून पोटरीपर्यंत सणक जाते अन् पायाला मुंग्या येतात’ म्हणतो, तेव्हा त्याने अर्धे निदान करून दिलेले असते. तेच बरोबरच्या माणसाने ‘कालु नोवु’, पाय दुखतो, एवढ्यावर आणले की कागदावरही तेवढेच उमटते. बेळगावातील पुष्कळ डॉक्टरांना मराठी उत्तम कळते, हे मान्य केलेच पाहिजे. पण बदलीवर आलेल्याला ती कळेलच असे नाही.

म्हणून काही कन्नड शब्द पाठच करावेत. आग होते म्हणजे उरी, ओढल्यासारखे होते म्हणजे सेळेत, बधिरपणा व मुंग्या म्हणजे जोमु. यात मराठीचा पराभव वगैरे काही नाही, पाठ आपली आहे. पाटीच्या भांडणाला वेळ आहे, तपासणीला पाच मिनिटे असतात. जाण्यापूर्वी किती वेळ बसता येते, किती अंतर चालवते, कोणते काम सोडावे लागले हे कागदावर लिहून न्यावे, आणि जुने एक्स-रे व चिठ्ठ्या बरोबर ठेवाव्यात.

हक्काची बाजूही सोडू नये. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढण्याचे संरक्षण कागदोपत्री आहेच. दाखला नाकारला तर कारण लेखी मागून घ्यावे. त्यावर ९० दिवसांत अपील करता येते. अपील मराठीत लिहावे, सोबत कन्नड प्रत जोडावी आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का घ्यावा.