घर सोडणारा बरा, की कौल घेऊन पळणारा?



उकवा हे गाव तुम्ही पाहिले नसेल. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या वाटेवर, रानात वसलेले हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तिथला खाणकामगार आणि धान पिकविणारा शेतकरी तुमच्यासारखाच. बोटाला शाई लावून घेतो आणि पुढची पाच वर्षे वाट पाहत बसतो. त्या जिल्ह्यातील एका पुढाऱ्याची गोष्ट सांगतो. हसू आले तर हसा; पण हसून झाल्यावर आपल्या दारातही पाहा.

कंकर मुंजारे हे परसवाड्याचे माजी आमदार. १९८९ मध्ये अपक्ष उभे राहून ते बालाघाटचे खासदार झाले. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत गोंडवाना गणतंत्र पक्षातर्फे परसवाड्यातून उभे राहिले आणि पडले. पत्नी अनुभाताई मात्र त्याच वेळी काँग्रेसतर्फे बालाघाटातून आमदार झाल्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंजारे बहुजन समाज पक्षाचे उमेदवार झाले. घरात दुसऱ्या पक्षाची आमदार, तेव्हा मतदान होईपर्यंत एका छपराखाली राहणे बरे नव्हे, असे म्हणून ते घर सोडून धरणाजवळच्या झोपडीत राहायला गेले. १९ एप्रिलला मतदान झाले. मुंजारे याही वेळी पडले.

सारा देश हसला. मीही हसलो. पक्ष बदलण्यात हे गृहस्थ काही कमी नाहीत! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोन्ही खेपेस त्यांनी झेंडा बदलला तो मत मागण्यापूर्वी. मतदाराने नवा झेंडा पाहिला, तोलला आणि नाकारला. यात फसवणूक कोणाची झाली?

आता आपल्या गोव्याकडे वळा. मी शाळामास्तर, म्हणून हिशेब मांडतो. मार्च २०१९ : मगो पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोन भाजपात. जुलै २०१९ : काँग्रेसच्या पंधरापैकी दहा भाजपात. सप्टेंबर २०२२ : काँग्रेसच्या अकरापैकी आठ भाजपात; आणि त्याच वर्षी निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या!

तिन्ही वेळा आकडा दोन-तृतीयांश किंवा वर कसा गेला? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. त्याने राज्यघटनेत आणलेल्या दहाव्या परिशिष्टात एक पळवाट आहे : दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले, तर ते पक्षांतर नव्हे, ‘विलीनीकरण’! एकट्याने गेला तर आमदारकी जाते; टोळीने गेला तर टिकते. वर्गात एका पोराने नक्कल केली तर छडी, आणि दहांनी मिळून केली तर बक्षीस, असा हा न्याय!

विलीनीकरण! हा शब्द आम्हांला कोणी शिकवू नये. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, हे ठरवायला १६ जानेवारी १९६७ रोजी घरोघरच्या माणसाला विचारले गेले. कौल विरुद्ध गेला, तरी तो कौल होता. मग आमदारांच्या या विलीनीकरणाला कौल कोणाचा? तुम्हांला कोणी विचारले?

सगळेच तसे वागतात असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये काँग्रेसचे दोन आमदार, शिरोड्याचे आणि मांद्र्याचे, पक्ष सोडताना आमदारकीचा राजीनामा देऊन गेले. २०१९ मध्ये पुन्हा मतदारापुढे उभे राहिले आणि निवडून आले. त्यांचे पक्ष सोडणे कोणाला पटो न पटो, निकाल मतदाराने दिला. वाट आहे, चालण्याची दानत हवी.

बांधवांनो, खाजनाचा बांध फुटतो, कुळाचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन तुमची रापण रिकामी करतो. तेव्हा ज्याला जाब विचारायचा, तोच तुम्ही पाडलेल्या पक्षाच्या बाकावर जाऊन बसलेला असला, तर जाब कोणाला विचारणार?

म्हणून यापुढे दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या पक्षाचा असला तरी, एकच सवाल करा : पक्ष सोडलास तर आमदारकीही सोडशील? देवाची शपथ नको. गावच्या सभेत, चार माणसांदेखत, कागदावर सही हवी. कायद्याने तो कागद बांधणार नाही. पण उद्या तो गावात येईल, तेव्हा तोच कागद त्याच्यापुढे धरता येईल.

मुंजाऱ्यांनी पक्षासाठी घर सोडले, त्याला आपण हसलो. आपले आमदार घरही सोडत नाहीत, खुर्चीही सोडत नाहीत; सोडतात ते फक्त तुम्हांला. आता हसायचे कोणाला, ते तुम्हीच ठरवा.