एक चित्रपट, अनेक मते

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण म्हणतो. एकाच पंगतीत बसलेल्या सर्वांना एकच भाजी सारखी रुचत नाही. मग एकाच चित्रपटगृहातील शेकडो प्रेक्षकांना एकच चित्रपट सारखा आवडावा, अशी अपेक्षा कशी करता येईल? तथापि ‘आवड ज्याची त्याची’ एवढे म्हणून हा प्रश्न सोडून देणे मला योग्य वाटत नाही. मते का भिन्न होतात आणि कोणत्या मताला वजन द्यावे, याचा विचार झाला पाहिजे. त्यासाठी एका जुन्या अमेरिकन विनोदी चित्रपटाचे उदाहरण घेऊ या.

१९३० च्या दशकात अमेरिकेत ‘स्क्रूबॉल’ नावाने ओळखले जाणारे विनोदी प्रेमपट लोकप्रिय झाले. बेसबॉलच्या खेळात अनपेक्षित दिशेला वळणाऱ्या चेंडूला स्क्रूबॉल म्हणतात. बोलीभाषेत विक्षिप्त माणसालाही तेच नाव आहे. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीने होरपळलेल्या लोकांना श्रीमंतांची फजिती पाहून हसू येत असे. शिवाय १९३४ पासून चित्रपटांवरील नैतिक बंधने कडक झाली होती. त्यामुळे पडद्यावरचे प्रेम आलिंगनापेक्षा भांडणातून, शब्दाला शब्द भिडवून व्यक्त होऊ लागले.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ हा १९३८ सालचा चित्रपट याच जातकुळीचा आहे. डेव्हिड हा जीवाश्मशास्त्रज्ञ चार वर्षे खपून एका महाकाय डायनोसॉरचा सांगाडा उभा करीत आहे. त्यात बसवायचे शेवटचे हाड नुकतेच सापडले आहे, दुसऱ्या दिवशी त्याचे लग्न आहे आणि संग्रहालयासाठी १० लाख डॉलरची देणगी मिळण्याची आशा आहे. अशा वेळी सुसान ही श्रीमंत घरातील तरुणी त्याच्या आयुष्यात शिरते. तिच्याजवळ ‘बेबी’ नावाचा पाळीव बिबट्या आहे. पुढे तिच्या मावशीचा कुत्रा ते मोलाचे हाड कुठे तरी पुरून टाकतो, सर्कशीतला दुसरा बिबट्या मोकळा सुटतो आणि अखेर सारी मंडळी तुरुंगाच्या कोठडीत जाऊन पोहोचतात. डेव्हिडची भूमिका केरी ग्रँट यांनी आणि सुसानची कॅथरिन हेपबर्न यांनी केली आहे.

आज या चित्रपटाची गणना अभिजात कृतींमध्ये होते. प्रदर्शनाच्या वेळी मात्र चित्र निराळे होते. त्यातील विनोद जुनेच आहेत, अशी टीका ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने केली. पहिल्या प्रदर्शनात निर्मिती कंपनीला तोटा झाला. त्याच वर्षी चित्रपटगृहांच्या मालकांच्या एका संघटनेने, ज्यांच्या नावावर तिकिटे खपत नाहीत अशा कलावंतांची नावे जाहीर केली. त्यांत हेपबर्न यांचेही नाव होते. पुढे काळ पालटला. १९९० मध्ये या चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला, आणि २००० मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने निवडलेल्या १०० विनोदी चित्रपटांत त्याला १४ वे स्थान मिळाले. चित्रपट तोच राहिला, पाहणारे बदलले.

आजही प्रेक्षकांमध्ये एकमत नाही. कोणाला त्यातील संवादांचा वेग मोहवतो, तर कोणाला तोच वेग थकवतो. कोणाला सुसान मुक्त मनाची वाटते, तर कोणाला ती दुसऱ्याचा छळ करणारी वाटते. ती डेव्हिडची मोटार परस्पर घेऊन जाते, तो निघून जाऊ नये म्हणून त्याचे कपडे पळवते. बिचाऱ्याला बायकी झगा घालून वावरावे लागते. हेच वर्तन एखाद्या पुरुषाने स्त्रीशी केले असते तर आपण हसलो असतो काय? हा आक्षेप मला रास्त वाटतो; ‘विनोद आहे’ असे म्हणून तो उडवून लावता येत नाही. खुद्द हॉक्स यांनीही पुढे चित्रपटातील एक दोष सांगितला होता. त्यातील सर्वच पात्रे विक्षिप्त आहेत, एकही माणूस सरळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

असे असूनही माझ्या मते हा चित्रपट उत्तम आहे. वरवर पाहता त्यात केवळ गोंधळ दिसतो. वस्तुतः प्रत्येक फजिती आधीच्या फजितीतून नेमकी उगवते. दुसरे असे, की डेव्हिडची वाग्दत्त वधू लग्नाकडेही त्याच्या कामाची सोय म्हणूनच पाहते. सुसानमुळे त्याचे आयुष्य विस्कटते खरे, पण त्या विस्कटण्यातच तो प्रथम जिवंत वाटू लागतो, आणि शेवटी तो हे स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. म्हणून मला ही केवळ छळाची कथा वाटत नाही.

आता शेवटचा प्रसंग पाहा. सुसान हरवलेले हाड घेऊन संग्रहालयात येते, उंच शिडीवर चढते, तोल जाऊन सांगाड्यावर येते आणि चार वर्षांचे श्रम क्षणात कोसळतात. डेव्हिड तिला वर ओढून घेतो व मिठीत घेतो. इथे अनेकांना हसू येते. परंतु ज्याने विटेवर वीट रचून घर उभारले आहे, किंवा रात्रीचा दिवस करून हातमागावर वस्त्र विणले आहे, त्याला हे हसू सहज येईल काय? त्याच्या मनात पहिला विचार वाया गेलेल्या श्रमांचा येईल. त्याचे मत चुकीचे म्हणावे काय? मुळीच नाही. किंबहुना, या प्रसंगात विनोदाच्या पोटी दडलेली हानी त्यालाच अधिक स्पष्ट दिसली, असे मी म्हणेन.

शाळा लवकर सुटलेल्या अनेकांची अशी समजूत असते, की कलाकृतीवर मत देण्याचा अधिकार केवळ विद्वानांचा आहे. ती समजूत सोडून दिली पाहिजे. विद्वानांचीही मते काळाबरोबर बदलतात, हे आपण पाहिलेच. जगण्यातून आलेला अनुभव ही प्रौढ माणसाची मोठी शिदोरी आहे. मात्र एवढ्याने भागत नाही. ‘मला आवडले नाही’ ही झाली आवड; ‘अमुक प्रसंगात अमुक घडते, म्हणून मला ते खटकते’ हे झाले मत. आवडीवर चर्चा होत नाही. मताला आधार असतो, म्हणून ते दुसऱ्याला तपासता येते आणि प्रसंगी आपल्यालाही बदलता येते.

ही सवय चित्रपटापुरती उपयोगाची नाही. घरातल्या बैठकीत, ग्रामसभेत, कामगारांच्या मेळाव्यात मतभेद होणारच. समोरच्याचा आवाज किती मोठा आहे, हे न पाहता त्याच्या मतामागचे कारण विचारावे आणि आपले कारणही मोकळेपणाने सांगावे. असे झाले तर मतभेद माणसांना तोडत नाहीत. दोघांनाही आधी न दिसलेली बाजू त्यातून दिसू लागते.