‘छोटा रोल आहे’ म्हणण्याआधी

१८ ऑगस्ट २०२५ ला अच्युत पोतदार गेले, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकाच सीनची क्लिप किती वेळा आली, मोजलं नाही. ‘थ्री इडियट्स’मधले, मशीनची व्याख्या विचारणारे सर. खाली हसण्याचे इमोजी आणि लगेच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मीही एक क्लिप टाकली. संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, हे तर ‘माझा होशील ना’मधले आप्पा! आणि आपल्या इंदूरचे." मला दोन्ही माहीत नव्हतं.

आपल्या इंदूरचे, म्हणजे जन्म जबलपूरचा, १९३४ सालचा; पण लहानाचे मोठे झाले ते इथे. शिकून रीव्याला प्राध्यापकी केली, मग सैन्यात गेले, १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये २५ वर्षं नोकरी. ५८ व्या वर्षी, १९९२ मध्ये, रिटायर. आता यात नट कुठे बसवायचा? तर नोकरीच्या मधोमध. ‘आक्रोश’ १९८० चा, म्हणजे वय पंचेचाळिशीचं. ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’, दूरदर्शनवरचं ‘भारत एक खोज’, सगळं ऑफिस सांभाळून. एकूण सव्वाशेच्या वर चित्रपट, शिवाय मालिका, नाटकं, जाहिराती.

बाबांना हा माणूस फारच आवडला. कारण आमच्या घरचा वाद जुना आहे. मी नाटकाचं नाव काढलं की ते म्हणतात, आधी नोकरी बघ. मी तावातावाने म्हणतो, दोन दगडांवर पाय ठेवून कुणी कलाकार होत नाही. या वेळी त्यांनी थेट पोतदारांनाच पुढे केलं. मी म्हटलं, "पण बाबा, त्यांना रोल केवढे मिळाले? दोन-दोन मिनिटांचे!"

बोलून गेलो, आणि रात्री ती क्लिप पुन्हा लावली. हसायला नाही, बघायला.

त्या सीनमध्ये विनोद करायचं काम आमिर खानचं आहे. पोतदार विनोद करतच नाहीत. ते खरोखरच वैतागलेले मास्तर आहेत. पुस्तकातली व्याख्या हीच व्याख्या, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. वर्गाबाहेर काढलेला पोरगा परत येतो, ‘पुस्तकं’ हा साधा शब्द सोडून त्याची लांबलचक व्याख्या ऐकवतो, आणि सर अगतिक होऊन विचारतात, बाबा रे, तुला म्हणायचंय तरी काय? ते एक क्षणभर जरी ‘बघा, मी किती गमतीशीर’ असं वागले असते तरी सीन पडला असता. आणि मला राहून राहून वाटतं, रीव्याच्या वर्गात त्यांनी असले पोरगे पाहिले असणारच. त्यांची हिंदीसुद्धा आपल्याकडचीच वाटते, ओढूनताणून आणलेली नाही.

आता माझं सांगतो. मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या एकांकिकेत मला पोस्टमनचा रोल दिला होता. एक एंट्री, चार वाक्यं. मी ‘परीक्षा आहे’ म्हणून टाळलं. खोटं होतं ते. परीक्षेला दीड महिना होता. दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून पोस्टमनच कापला आणि पत्राच्या जागी फोन वाजवला. प्रयोग पडला वगैरे नाही, टाळ्याही मिळाल्या. पण त्या बंद घरात बाहेरचं जग कुठूनच आत आलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून ते पाहत होतो.

चरित्र अभिनेता करतो ते हेच. वकील, डॉक्टर, शेजारी, कुणाचे तरी वडील होऊन तो नायकाभोवती गाव उभं करतो. नाहीतर नायक प्रेम कुणासमोर करणार आणि भांडणार कुणाशी? आपल्याकडे मात्र संहिता हातात आली की प्रत्येक जण आपली पानं मोजतो. पोस्टरवर दोन नावं, बाकीचे ‘आणि इतर’. मला हे साफ चुकीचं वाटतं. निदान आपल्या मंडळात तरी छोट्या भूमिकांची निवड आधी आणि काळजीने व्हावी, आणि पोस्टरवर सगळ्यांची नावं एकाच आकारात यावीत.

बाबांचं सगळं मला अजून पटलेलं नाही. पंचेचाळिशीला कॅमेऱ्यासमोर आलात तर तरुणपणाचे रोल गेलेच, ही किंमत आहे, आणि ती प्रत्येकाला परवडेल असं नाही. पण ‘माझा होशील ना’ २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पोतदार ८५ वर्षांचे होते, हेही खरं. त्या घरात चार-चार मामा गोंधळ घालत असतात, आणि आई सांगते की ती आप्पा काय म्हणतात यासाठी थांबायची. मी काही भाग आता बघतोय. रोज जेवताना एक. बाबाही येऊन बसतात, वाद तेवढ्यापुरता थांबतो.

यंदाची एकांकिका अजून ठरायची आहे. तिच्यात पोस्टमन असला तर मला सांगा.