शेताचें शेतास द्यावें

एप्रिल महिन्यांत द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू झाली म्हणजे नाशिकहून निफाडकडे जाणाऱ्या प्रवाशास बांधोबांधीं धुराच्या रेघा दिसूं लागतात. छाटलेल्या काड्या तेथें जळत असतात. थंडीच्या दिवसांत ऊस तुटून गेला म्हणजे पाचटाचीही पुष्कळ ठिकाणीं हीच गति होते. शेत एकदांचें स्वच्छ झालें, असें शेतकऱ्यास वाटतें. या स्वच्छतेविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. आणि तो आमच्याच एका चुकीवरून सुचला, हें आरंभींच कबूल करतों.

सरकारनें सन २०१५ मध्यें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तींत मातीच्या बारा बाबी तपासल्या जातात व सेंद्रिय कर्ब ही त्यांतील एक आहे. हा कर्ब शेंकडा ०.५ हून कमी असेल तर जमीन या बाबतींत दरिद्री समजावी. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या घरची पत्रिका आणून दाखविली. तींत हा आंकडा कमीच होता. त्यानें विचारलें, “सर, कोळसा म्हणजे कर्बच ना? मग पाचट जाळल्यानें जमिनींतला कर्ब वाढावयास नको काय?” तास संपत आला होता. “राख हें खतच आहे,” असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. तें उत्तर अर्धेंच खरें होतें.

राखेंत पालाश व चुना उरतो, हें खरें. परंतु काडींतील बहुतेक सर्व कर्ब आणि त्यासोबत बहुतेक नत्रही धुराबरोबर निघून जातें. शिवाय सेंद्रिय कर्ब म्हणजे कांहीं कोळसा नव्हे. पानें, मुळें व शेण कुजून जें काळपट द्रव्य मातीच्या कणांस चिकटून राहतें, त्यांतील हा कर्ब होय. तोच गांडुळांचें व जीवाणूंचें अन्न. त्यानें मातीचा कण दुसऱ्या कणास धरून ठेवतो, पावसाचें पाणी मुरतें, नत्राचा सांठा राहतो. येवलें, सिन्नर, चांदवड अशा कमी पावसाच्या तालुक्यांत पाण्याची ओल चार दिवस अधिक टिकणें म्हणजे काय, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको.

मग पाचट पुरलें कीं जमीन सुधारली, असें मात्र कोणीं समजूं नये. विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब पाटीवर करून पाहावा. एका एकरांतील वरची सहा इंच माती सुमारें ८ लक्ष किलो भरते. तींतील कर्ब शेंकडा ०.१ नें वाढवावयाचा तर ८०० किलो कर्ब तींत टिकला पाहिजे. एकरीं ३ टन पाचट मिळालें असें धरूं. त्यांत कर्ब सुमारें १,२०० किलो. परंतु कुजतांना त्याचा मोठा भाग जीवाणूंच्या श्वासावाटें हवेंत जातो, व वर्षा-दोन वर्षांनीं शेंकडा दहा ते वीस एवढाच मागें राहतो. पंधरा धरले तर १८० किलो. म्हणजे दरवर्षीं पाचट पुरूनही सुमारें साडेचार वर्षें लागतील. आणि जुना कर्ब झिजतच असतो, तो वजा केला तर याहून अधिक. जो एका वर्षांत पत्रिकेवरील आंकडा बदललेला पाहूं इच्छितो, तो निराश होऊन पुढील वर्षीं पुन्हा काडी ओढील.

जाळणारा शेतकरी आळशी किंवा अडाणी असतो, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पेठ-सुरगाण्याकडे भात-नागलीच्या रोपांसाठीं राब भाजतात, कारण त्यानें तणाचें बीं मरतें. द्राक्षाच्या काड्यांवर केवडा, करपा यांचें बीज राहण्याची भीति असते. पाचट कच्चेंच पुरलें तर जीवाणू मातींतील नत्र प्रथम आपणच खातात व पीक पिवळें पडतें. म्हणून त्यावर थोडा युरिया व सुपर फॉस्फेट टाकण्यास सांगतात. ज्वारी-बाजरीचा कडबा तर गुरांचाच. तो शेणखताच्या रूपानें शेतास परत मिळाला म्हणजे झालें. आणि जो दुसऱ्याची जमीन वर्षाच्या करारानें कसतो, त्यानें पांच वर्षांनीं मिळणाऱ्या फळासाठीं आज कां राबावें, या प्रश्नाचें उत्तर जमीनमालकांनीं द्यावयास हवें.

तथापि मार्ग नाहीं असें नाहीं. इंदूर येथें सन १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं कंपोस्टचे प्रयोग केले. त्यांवरील १९३१ सालच्या ग्रंथावर त्यांच्या बरोबरीनें यशवंत वाड यांचेंही नांव आहे. कपाशीच्या पळाट्या द्राक्षकाड्यांप्रमाणेंच टणक. त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत, शेण, राख व मूत्र मुरलेली माती यांबरोबर थर देत, आणि ढीग वेळोवेळीं परतवीत. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होई. आज काड्यांचे तुकडे करणारीं यंत्रें ट्रॅक्टरवर चालतात. आणि नीट रचलेला ढीग इतका तापतो कीं बहुतेक रोगबीजें त्यांतच मरतात.

इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें सन १८४३ पासून एकाच शेतांत गव्हाचे प्रयोग चालूं आहेत. दरसाल शेणखत घातलेल्या तुकड्यांतील कर्ब खताविना ठेवलेल्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. पण त्यास कित्येक दशकें लागलीं. 

आमच्या बागेंतील पाला आजवर आम्हीही जाळीत आलों. ज्या मुलास आम्हीं अर्धें उत्तर दिलें, त्याच्याच हातून या वर्षीं तेथें खड्डा खणविला आहे. पालकांस आमची एवढीच विनंति: सर्व शेत नको, एक गुंठा न जाळतां राखावा, आणि त्याचा हिशेब मुलाच्या वहींत ठेवावा. आपण शेताचें जें शेतास देऊं, तें बहुधा मुलांच्याच पदरीं पडेल. म्हणूनच तें आतां द्यावें.