तुळस पाण्याने मेली, कुणाच्या दोषाने नाही



आजची नोंद आपल्या वावरातली नाही, मुंबईची आहे. पण विषय शेतीचाच आहे, आणि थोडा रागात लिहितोय.

पोळ्याच्या आधी चार दिवस लहान बहिणीकडे कॉटन ग्रीनला गेलो होतो. हार्बर लाईनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं स्टेशन. कुलाब्याचा कापूस बाजार इकडे आला, तेव्हापासून हे नाव. बाजाराची हिरवी इमारत अजून उभी आहे. मी यवतमाळकडचा कापूसवाला, हौसेने बघायला गेलो. बोंड काही दिसलं नाही, पण बहिणीच्या गॅलरीत एक मेलेली तुळस दिसली. आमच्या आईच्या वृंदावनातल्या बियांची.

बहीण म्हणाली, "दादा, ही चौथी. माझ्या हातालाच गुण नाही." शेजारच्या एक काकू तर सांगून गेल्या होत्या की तुळस वाळते म्हणजे घरात काहीतरी दोष आहे, पूजा घालून घे. बाई मनातून पार खचलेली.

मी कुंडीत बोट घातलं. पार चिखल, आणि गटारासारखा वास. कुंडी उचलून पाहिली. चकचकीत चिनी मातीची, आणि बुडाला छिद्रच नाही! वरून रोज सकाळी तांब्याभर पाणी. बाहेर पाऊस, गॅलरीत ऊन नाही, ओल वाळणार कशी? म्हटलं, बाई, ही वाळली नाही, बुडून मेली.

राजेहो, आपल्याला हे नवीन आहे का? पावसाने लांब दडी मारावी, मग एकदम बदाबदा पडावा, वावरात पाणी साचावं, आणि बोंडावर आलेली पऱ्हाटी एका दिवसात मान टाकते. आकस्मिक मर म्हणतो आपण. तेव्हा काय करतो? अजून पाणी देतो का? आधी चर काढून पाणी बाहेर काढतो. मूळ पाणी पितं तसं श्वासही घेतं. मातीच्या पोकळ्यांत पाणीच भरलं की हवा संपते, मूळ गुदमरतं, आणि मेलेल्या मुळावर बुरशी चढते. मग कुज वर सरकते. आपल्या संत्र्याचा डिंक्या असाच साचलेल्या पाण्यात फोफावतो.

फसगत इथेच होते. मूळ कुजलं की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं तहानलेल्यासारखीच माना टाकतात. माणूस बघतो, हळहळतो, अजून एक तांब्या ओततो. माया म्हणून मारतो. माती ओली आणि पान सुकलेलं, तर पाणी बंद. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी झाडं वाचतील.

माझा राग तिघांवर आहे.

पहिला, बिनछिद्राची कुंडी विकणाऱ्यावर. ती कुंडी नाही, बादली आहे. झाडाच्या नावाने विकायचीच कशाला?

दुसरा, "रोज एक मग पाणी घाला" असं सांगून रोप हातात देणाऱ्यावर. मे महिन्यातला मग आणि श्रावणातला मग एकच कसा? शेतकरी वाफसा बघून पेरतो. माती ओलसर असावी, पण तिच्यात हवा खेळती असावी. कुंडीलाही वाफसा असतो. दोन पेरं बोट आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी.

तिसरा, सगळ्यात जास्त, बाईच्या माथी दोष मारणाऱ्यांवर. मीही माळकरी आहे. पण आपल्या अंगणातलं वृंदावन आठवा. त्याची माती खाली जमिनीला भिडलेली असते. घातलेला तांब्या धरणीत मुरतो. गॅलरीतल्या बंद कुंडीत तो जाणार कुठे? पूजेला पळीभर पाणी पुरतं, देव तांब्या मोजत नाही.

काही जण म्हणतील, कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे टाकले की निचरा होतो. नाही होत. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळायचा थांबला की उभा करा, अजून पाणी गळेल. म्हणजे उंची जास्त तर निचरा जास्त. तळाला विटा भरल्या की मातीची उंची कमी होते, आणि ओलीचा थर तेवढाच राहून वर मुळांकडे सरकतो. छिद्रावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बस्स.

झाड अजून धुगधुगीत असेल तर असं करा. कुंडीतून काढा, मुळं धुवा. पांढरं, टणक मूळ जिवंत. तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल निघून दोरा उरतो ते मेलेलं, स्वच्छ ब्लेडने कापा. वरचा पालाही तेवढाच छाटा. कुंडी मोठी नको, लहान घ्या, कारण तुटक्या मुळांना जास्त मातीतलं पाणी संपवता येत नाही. मातीत जाड रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे छिद्र मोकळं राहील. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, त्यात डेंग्यूचा डास होतो. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही, कडक ऊन नाही.

बहिणीची तुळस वाचली नाही, खोटं कशाला सांगू. मुळं पार गेली होती. पण एक फांदी शेंड्याला हिरवी होती. ती चार बोटं कापून, मंजिरी खुडून ओल्या रेतीत खोचली. परवा फोटो आला, नवीन पानं फुटलीत. आता साध्या मातीच्या कुंडीत आहे, बुडाला छिद्र आहे. बहीण लिहिते, "दादा, रोज बोट घालून बघते."

हाताला गुण होताच, राजेहो. कुंडीलाच बूड जास्त होतं.

तुमच्या ओळखीत कुणी "माझ्या हाताने झाड जगत नाही" म्हणत असेल, तर आधी त्यांची कुंडी उलटी करून बघा.